लग्नघरातील मराठी

परकी भाषा शिकविणारी पुस्तके बहुधा मेज, खुर्ची, दौत, लेखणी असल्या निरुपद्रवी वस्तूंनी सुरू होतात. पहिल्या पाठात मुलगा आंबा खातो, दुसऱ्यात मुलगी पाणी आणते, आणि दहाव्या पाठापर्यंत पोचले तरी ती भाषा बोलणाऱ्या माणसांपैकी कोणाचीच ओळख शिकणाऱ्याला झालेली नसते. याउलट, त्याला जर कोणी हाताला धरून एखाद्या लग्नघरी नेऊन बसविले, तर पुस्तकाच्या शेवटच्या पाठातही सापडावयाचे नाहीत असे कितीतरी शब्द एका दिवसात त्याच्या कानांवर पडतील. शिवाय ते शब्द नुसते कानांवर पडत नाहीत. डोळ्यांसमोर घडतही असतात. ‘अक्षता टाका’ असे कोणी म्हटले, की सभोवारचे शेकडो हात वर होतात. मग या वाक्याचा अर्थ सांगावयास निराळा शिक्षक कशाला हवा?

मराठी नव्याने शिकू पाहणाऱ्या प्रौढ माणसाचा पहिला धडा लग्नघरी व्हावा असे मी म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकावयास येणारे पुष्कळजण मुळी लग्नामुळेच येतात. दिल्लीच्या नैर्ऋत्येला द्वारका नावाचे विस्तीर्ण उपनगर आहे. या भागाला पूर्वी पप्पनकलाँ म्हणत. दिल्ली विकास प्राधिकरणाने तेथे सेक्टरांचे चौकोन आखले, सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि २००५ च्या अखेरीस मेट्रोची निळी मार्गिका तेथवर जाऊन पोचली. सरकारी नोकरी, सैन्य, बँका, विमानतळ अशा नाना निमित्तांनी आलेली मराठी कुटुंबे या इमारतींतून विखुरलेली आहेत. शेजार पंजाब्यांचा, जाटांचा, बंगाल्यांचा, मल्याळ्यांचा. मुले आजीशी मराठी बोलतात, एकमेकांशी हिंदी बोलतात, आणि मोठी झाली म्हणजे शेजारातच मन गुंतवितात. मग कोणाची सून जालंधरची येते, कोणाचा जावई लखनौचा असतो. साखरपुडा झाल्यावर मग एके दिवशी ती भावी सून विचारते, ‘मला मराठी केव्हापासून शिकवाल?’ अशा घरी रविवारच्या सकाळी वही घेऊन बसलेली मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या वहीत मेज-खुर्चीला जागा नव्हती. त्यांना हवे होते ते बोहल्यावर उभे राहिल्यावर लागणारे शब्द.

द्वारका हे नावही या प्रसंगी मोठे अर्थपूर्ण वाटते. सौराष्ट्रातील मूळ द्वारकेला विदर्भाची एक कन्या सून म्हणून गेली, हे आपल्याकडच्या प्रत्येक आजीला ठाऊक आहे. रुक्मिणीचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. भावाने ठरविलेले स्थळ नाकारून या मुलीने द्वारकेला निरोप धाडला. मराठीतील आद्य कवयित्री महदंबा हिने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात जी विवाहगीते रचली, त्यांचा विषय हाच. त्यांना ‘धवळे’ म्हणतात. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या लटक्या लग्नाचा खेळ मांडला गेला, आणि त्या लग्नात म्हणावयास गाणी हवीत म्हणून ती जन्माला आली. म्हणजे मराठी बाईच्या कवितेचा आरंभच मुळी लग्नघरात, आणि तेही द्वारकेच्या वाटेवर झाला, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे.

आता धड्याकडे वळू.

पहिला शब्द अर्थातच ‘लग्न’. हिंदीभाषक शिष्याला तो ओळखीचा वाटतो आणि तेथेच तो फसतो. हिंदीत लग्न म्हणजे ज्योतिषातील घटका. मराठीत त्या घटकेवर होणारा सगळा सोहळा, आणि त्यापुढचा संसारही काही अंशी. हिंदीतील ‘शादी’ स्त्रीलिंगी. त्यामुळे दिल्लीचा नवशिका हटकून ‘माझी लग्न झाली’ असे म्हणतो, आणि ऐकणारी मंडळी हसतात. त्यांनी हसू नये. ज्या भाषेत दोनच लिंगे आहेत, तिच्यातून तीन लिंगांच्या भाषेत येणे म्हणजे दोन खोल्यांच्या घरातून तीन खोल्यांच्या घरात येण्यासारखे आहे. तिसऱ्या खोलीत काय ठेवावयाचे हे प्रथम उमगत नाही. यालाही लग्नघर मदत करते. तो मुहूर्त, तो मांडव, तो अंतरपाट, तो आहेर. ती हळद, ती मुंडावळी, ती पंगत, ती वरात. ते लग्न, ते बोहले, ते बाशिंग, ते मंगळसूत्र, ते केळवण. ही नावे पाठ करावयास सांगण्यापेक्षा लग्नाच्या सामानाची यादी करावयास बसवावे. ‘ती हळद आणली का? तो अंतरपाट कोठे आहे? ते बाशिंग कोणी घेतले?’ अशा तीन प्रश्नांत जे व्याकरण शिकून होते ते तक्त्याने होत नाही.

लिंगाहूनही अवघड गोष्ट म्हणजे या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे. मराठीत लग्न प्रथम जमते, मग ठरते. कधी फिसकटते, कधी मोडते. ठरले तर लागते. भटजी ते लावतात, वर-वधू ते करतात, आईबाप मुलीचे लग्न करून देतात, आणि सर्वांच्या हातून निसटले तरी ते अखेर होते. ‘लागणे’ हे क्रियापद मोठे नामी आहे. दिवा लागतो, भूक लागते, वेड लागते, नोकरी लागते, तसेच लग्नही लागते. ‘लग्न किती वाजता लागणार?’ या प्रश्नाचे शब्दशः हिंदी करून पाहावे, म्हणजे भाषेचा स्वभाव कशाला म्हणतात ते कळून येईल.

विधींचे शब्द ज्या क्रमाने घरात शिरतात त्याच क्रमाने शिकवावेत. आधी बोलणी होतात. बोलणी हा शब्द येथे अनेकवचनी असतो. एका बोलण्यात कोणाचे लग्न ठरले आहे? ठरल्यावर साखरपुडा. नावातच साखर आहे आणि तिचा पुडाही आहे. हिंदीतल्या ‘सगाई’ला ही गोडी नाही. त्यानंतर केळवणे सुरू होतात. नातेवाईक नवऱ्या मुलीला किंवा मुलाला घरी बोलावून जेवू घालतात, त्याला गडगनेरही म्हणतात. द्वारकेतल्या केळवणाला हल्ली खानावळीत मेज राखून ठेवतात; शब्द टिकला आहे एवढ्याचे समाधान मानावे. पुढे मुहूर्तमेढ, देवक, हळद. हळद आधी एकाला लावतात आणि त्याच्या अंगची उरलेली दुसऱ्याला जाते, तिला ‘उष्टी हळद’ म्हणतात. उष्टे हा शब्द एरवी ताटापुरता असतो. तो येथे प्रेमाच्या अर्थाने येतो, हे शिष्याला मुद्दाम सांगावे.

सीमांतपूजनाची कथा तर भाषेच्या अभ्यासकाने ऐकावी अशी आहे. वऱ्हाड गावाच्या वेशीवर आले, म्हणजे तेथे सामोरे जाऊन वराची पूजा करावयाची. सीमेच्या अंतावर होणारे ते सीमांतपूजन. पुढे वऱ्हाड वेशीवर थांबेनासे झाले, सीमा पुसली गेली, आणि लोकांच्या तोंडी त्याचे ‘श्रीमंतपूजन’ झाले. जावई त्या दिवशी श्रीमंतासारखा वागतो हे पाहता ही चूक फारशी चूक वाटत नाही. द्वारकेत तर लग्नाचा हॉल हीच सीमा आणि हॉल हेच गाव.

‘वऱ्हाड’ या शब्दाने नवशिक्याचा आणखी एक घोटाळा होतो. वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी आणि वऱ्हाड म्हणजे विदर्भाचा पश्चिम भाग. या प्रांताचे नाव रुक्मिणीला न्यावयास आलेल्या मंडळींवरून पडले, असे सांगणारे लोक भेटतात. भाषाशास्त्र त्याला मान डोलावील असे मला वाटत नाही, परंतु गोष्ट गोड आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात पन्नासहून अधिक पात्रे एकट्याने उभी केली. मराठवाड्यातल्या बोलीचा जो सराव त्या प्रयोगाने शहरी श्रोत्याला करून दिला, तो व्याख्यानांनी झाला नसता.

दिल्लीच्या शिष्याला सर्वांत अधिक चकविणारा शब्द मात्र ‘वरात’ हाच होय. हिंदीतली बारात आणि मराठीतली वरात या सख्ख्या बहिणी. दोघींची आई ‘वरयात्रा’. पण बारात लग्नाआधी वधूच्या दारी जाते, आणि आपली वरात बहुधा लग्न लागल्यावर जोडप्याला घेऊन घरी परतते. तेव्हा पंजाबी व्याह्यांनी ‘बारात सायंकाळी सात वाजता येईल’ असे कळविले, आणि मराठी घरातल्या आजीने ‘वरात सातला म्हणजे लग्न दुपारचेच असणार’ असा हिशेब बांधला, तर दोघेही बरोबर असून स्वयंपाकाची वेळ मात्र चुकावयाची. असेच ‘फेरे’ आणि ‘सप्तपदी’ यांचे. फेरे अग्नीभोवती घालतात; सप्तपदीत तांदळाच्या सात राशींवरून सात पावले टाकावयाची असतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सातव्या कलमाने सांगितले आहे, की ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल टाकताच पूर्ण होतो. कायद्याच्या पुस्तकात पावलाला एवढी किंमत क्वचितच दिलेली आढळेल.

विधीहूनही खरा खजिना आहे तो नात्यांच्या नावांत. लग्नाच्या दिवशी प्रत्येक नात्याला एक कामगिरी असते, त्यामुळे नाव आणि माणूस यांची गाठ पक्की बसते. जिच्या हाती करा आणि दिवा आहे ती करवली. नवऱ्या मुलाचा कान पिळून त्याच्याकडून भेट उकळतो तो वधूचा भाऊ, म्हणजे यापुढे मेहुणा. या विधीला कानपिळी असे रोखठोक नाव आहे. आरशात सुनेचे मुख पाहते ती सासू, आणि तो विधी सूनमुख. मुलीबरोबर सासरी जाऊन तिला सोबत करते ती पाठराखीण. दोन्ही घरचे बाप एकमेकांचे व्याही आणि आया विहिणी. हिंदीतला समधी जसा, तसा हा व्याही. पण ‘विहीण’ या शब्दाचा नुसता उच्चार केला तरी पंगत, मानपान, रुसवे आणि जरीचे लुगडे हे सर्व डोळ्यांपुढे येते.

आता ‘सून’ हा एक शब्द घ्या. हिंदीत तिला बहू म्हणतात, ते ‘वधू’पासून आले. मराठीतली सून संस्कृत ‘स्नुषा’पासून आली. जालंधरहून आलेल्या त्या मुलीला मी जर विचारले, की तुमच्या आजीच्या तोंडी सुनेला कोणता शब्द आहे, तर ती सांगेल ‘नूँह’. तीही स्नुषाच. एका बहिणीने आरंभीचा ‘स’ ठेवला, दुसरीने ‘न’ ठेवला, एवढाच फरक. म्हणजे ज्या मुलीला आपण मराठी शिकवावयास निघालो, तिच्या घरात हा शब्द आधीपासून नांदत होता.

ही वंशावळ येथेच थांबत नाही. दिल्ली विद्यापीठात स्लाव्ह भाषांचा एक विभाग आहे, आणि रशियनबरोबर बल्गेरियन भाषाही तेथे शिकविली जाते. बाल्कन द्वीपकल्पातल्या या भाषेत सुनेला काय म्हणतात? ‘स्नाहा’. नवऱ्याच्या भावाला म्हणतात ‘देवेर’; संस्कृतात देवर, हिंदीत देवर, मराठीत झिजून झालेला दीर. नवऱ्याचा बाप ‘स्वेकर’ आणि आई ‘स्वेकरवा’. श्वशुर आणि श्वश्रू यांची ही भावंडे, आपले सासरा आणि सासू. हजारो वर्षांपूर्वी एका मुळापासून फुटलेल्या फांद्या इतक्या दूर गेल्यावरही लग्नाच्या दारात एकमेकींना ओळखतात, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. देव बदलले, धर्म बदलला, लिपी बदलली. सून मात्र सूनच राहिली. आणि गंमत अशी, की बल्गेरियन भाषेतही आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. तेथे ‘मोमचे’ म्हणजे मुलगा आणि ‘मोमिचे’ म्हणजे मुलगी हे दोन्ही शब्द नपुंसकलिंगी, जसे आपले ‘मूल’. तेव्हा सोफियाहून आलेला विद्यार्थी ‘माझी लग्न झाली’ असे म्हणण्याचा संभव दिल्लीकरापेक्षा थोडा कमीच.

बल्गेरियातले लग्न, म्हणजे तेथला ‘स्वाद्बा’, पाहिल्यास शब्दांप्रमाणे काही कृतीही ओळखीच्या वाटतात. वधूला ‘बुल्का’ म्हणतात. तिला न्यावयास आलेल्या मंडळींना तिच्या दारात घासाघीस करावी लागते. वधूच्या बुटात वराने पैसे भरावे आणि ते पुरे झाले असे तिने म्हणेपर्यंत भरीत राहावे, अशी चाल आहे. आपल्या कानपिळीचीच ही बाल्कनी बहीण. या लग्नात देवेराला, म्हणजे दिराला, मान असतो. परंतु सर्वांत मोठा मान ‘कूम’ या माणसाचा. तो आणि त्याची पत्नी ‘कुमा’ हे जोडप्याचे धर्मसाक्षी. देवळात त्यांच्या साक्षीने वरवधूंच्या मस्तकांवर मुकुट ठेवले जातात. घरी आल्यावर सासू नव्या जोडप्याला मध आणि ‘पितका’ नावाची भाकर भरविते. पाण्याने भरलेले, फूल घातलेले तांब्याचे भांडे वधूच्या वाटेत ठेवलेले असते. ते तिने पायाने उलथावयाचे आणि जितके पाणी सांडेल तितकी भरभराट. उंबऱ्यावरचे तांदळाचे माप लवंडून आत येणाऱ्या आपल्या नव्या सुनेला हे सांगितले, तर तिला ते मुळीच परके वाटावयाचे नाही. पाहुणे मेजवानीत ‘गोरचीवो, गोरचीवो’ म्हणजे ‘कडू, कडू’ असे ओरडतात, आणि जोडप्याने चुंबन घेऊन ती कडू चव गोड करावी अशी अपेक्षा असते. हा प्रकार मात्र आपल्या आजीपुढे न सांगितलेला बरा.

रोडोपी डोंगरातील रिबनोवो या गावी राहणाऱ्या बल्गेरियन मुसलमानांची हिवाळ्यातली लग्ने जगभर प्रसिद्ध झाली आहेत. तेथे वधूचा चेहरा पांढऱ्या लेपाने झाकून त्यावर रंगीबेरंगी टिकल्यांची नक्षी काढतात, आणि तिचे सारे आंदण, म्हणजे गोधड्या, चादरी, कपडे, घराबाहेर लाकडी चौकटीवर टांगून गावाला दाखवितात. आंदणाला तेथे ‘चेइझ’ म्हणतात. ते दृश्य पाहणाऱ्या मराठी बाईच्या तोंडून ‘अगबाई, रुखवत!’ एवढेच बाहेर पडेल.

आपल्या भाषेतही सर्वांचे लग्न एकाच साच्यातले नसते, हे शिकविताना विसरू नये. वसई आणि मुंबई परिसरातील मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती लग्नापूर्वी ‘उंबराचे पाणी’ आणतात, आणि गोव्यातले ख्रिस्ती वरवधूंना नारळाच्या रसाने न्हाऊ घालून त्याला ‘रोस’ म्हणतात. अनेक घरांत लग्नानंतर जागरण-गोंधळ झाल्यावाचून लग्न पुरे झाले असे मानीत नाहीत. ब्राह्मणी विधीचीच यादी देऊन हे मराठी लग्न म्हणून सांगणारा शिक्षक निम्मीच मराठी शिकवितो.

आणि काही शब्द असे आहेत, की ते गाळावेसे वाटले तरी गाळता येत नाहीत. ‘हुंडा’ हा त्यांतला पहिला. १९६१ च्या कायद्याने तो देणे-घेणे गुन्हा ठरला, तरी शब्द अजून वृत्तपत्रातून गेलेला नाही. दुसरा शब्द ‘सवाष्ण’. सुवासिनीपासून आलेला हा शब्द दिसावयास किती प्रसन्न! हळद लावावयास सवाष्णी बोलवा, ओटी सवाष्णीने भरावी. पण ज्या क्षणी हा शब्द उच्चारला जातो, त्याच क्षणी घरातली एखादी काकू किंवा मावशी, कधी कधी प्रत्यक्ष वधूची आई, न सांगता दोन पावले मागे सरते. वैधव्याला अनेक भगिनीभाषांनी जपून ठेवलेला शब्दही एकच आहे: आपली विधवा, बल्गेरियनमधली ‘व्दोवित्सा’. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड या गावाने २०२२ च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून विधवांवर लादलेल्या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. द्वारकेच्या इमारतीत ग्रामसभा नसते. तेथे हा ठराव घरातल्या माणसांनी करावयाचा असतो, आणि पुष्कळदा तो नव्या सुनेच्या एका भाबड्या प्रश्नाने होतो: ‘मावशी का बरे हळद लावीत नाहीत?’ भाषा शिकणाऱ्याला असा प्रश्न विचारण्याचा एक अधिकार असतो, कारण त्याला अजून माहीत नसते असे मानले जाते. त्या अधिकाराचा उपयोग त्याने लवकर करून घ्यावा.

विधीचा अर्थ समजला पाहिजे हा आग्रह मराठीत काही नवा नाही. २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह झाला. त्याला भटजी नव्हता. वरवधूंनी एकमेकांना वचने द्यावयाची होती आणि तीही स्वतःच्या भाषेत. जोतीराव फुल्यांनी पुढे १८८७ साली आपल्या मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तकच प्रसिद्ध केले. त्यांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांविषयी वचन मागते आणि वर ते देतो. संस्कृत मंत्र म्हटले जात असताना वरवधूंनी छायाचित्रकाराकडे पाहत उभे राहणे आणि स्वतःच्या तोंडाने, कळणाऱ्या शब्दांत ‘होय’ म्हणणे, यांतला फरक त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखला होता. द्वारकेतल्या कित्येक लग्नांत आज भटजी मराठीत, हिंदीत आणि जरूर तर इंग्रजीतही प्रत्येक पावलाचा अर्थ सांगतात. ऐकणाऱ्यांत शांतता असते. एरवी मंगलाष्टके चालू असताना मंडळी साड्यांच्या किमती विचारीत असतात.

परीक्षेचा प्रश्न शेवटी येतो, आणि तो म्हणजे उखाणा. ‘नाव घ्या, नाव घ्या’ असा गलका झाला, की नवशिक्याच्या पोटात गोळा उठतो. बहुतेक घरांत एक तयार उखाणा चिठ्ठीवर लिहून दिला जातो आणि सून तो पाठ म्हणून टाकते. मला ही सोय पसंत नाही. दोन ओळी, शेवटी यमक, मध्ये जोडीदाराचे नाव, एवढाच तर नियम आहे. शिकणारीने आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांतून तो स्वतः जुळवावा. रविवारच्या त्या वहीत मी एक वाचला होता, तो असा: ‘मेट्रोची निळी वाट थांबते द्वारकेच्या दारात, अमक्यांचे नाव घेते मराठी माणसांच्या घरात.’ काव्य म्हणून त्याची किंमत काय असेल ती असो, ‘दारात’ आणि ‘घरात’ ही दोन सप्तमीची रूपे तिला जन्मभर पाठ झाली.

मात्र ‘नाव’ या शब्दाबरोबर पाऊल जपून टाकावे लागते. नाव घेणे म्हणजे उखाणा म्हणणे. नाव ठेवणे म्हणजे बारशाला करतात ते. पण अनेकवचनात नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे. नाव काढणे म्हणजे कीर्ती मिळविणे, आणि नाव टाकणे म्हणजे संबंध तोडणे. ‘सूनबाईंनी छान नाव घेतले’ आणि ‘सूनबाईंनी छान नावे ठेवली’ या दोन वाक्यांमध्ये एक अनुस्वारसुद्धा नाही, केवळ एक वचन आणि एक क्रियापद. पण त्यांतले अंतर एखाद्या विहिणीला विचारावे.

याहूनही बारीक एक भेद आहे. तो व्याकरणाच्या पुस्तकात दोन ओळींत आटोपलेला असतो, आणि घरात त्याला वर्षे लागतात. हिंदीत ‘हम’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटले तर पाहुण्याने बाहेर थांबावे. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले तर त्याने हात धुवावेत. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत सासू सुनेला सांगते, ‘आमच्याकडे चकली अशी करतात.’ सून उत्तर देते, ‘आमच्याकडे चकली करीतच नाहीत.’ व्याकरणाच्या दृष्टीने दोघींची वाक्ये निर्दोष आहेत. पुढे केव्हातरी, बहुधा दुसऱ्या कोणा पाहुण्याला काही सांगता सांगता, सासूच्या तोंडून ‘आपल्याकडे’ असा शब्द सुनेकडे पाहून निघतो. जालंधरची मुलगी असली तर तिला तो फरक ऐकू येतो, कारण तिच्या पंजाबीतही ‘असीं’हून निराळा ‘आपाँ’ आहे. लखनौच्या जावयाला मात्र तो मुद्दाम सांगावा लागतो. आणि सांगितला, की तो त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यातले आम्ही आणि आपण मोजीत बसतो.